पंचविसावा गुरू

मनुष्याने बळाचे माप प्रथम आपल्या शरीरावरून घेतले नाही. ते त्याने पशूंपासून उसने आणले. महाभारतातील वीरांना 'पुरुषव्याघ्र', 'नरशार्दूल', 'पुरुषर्षभ' अशी विशेषणे लावलेली आढळतात. आमच्या बोलीतही शूर मनुष्य ढाण्या वाघ असतो, त्याचा मुलगा छावा असतो, आणि भित्र्याची गणना शेळीत होते. वाघ स्वतःस शूर समजतो असे मानण्यास काही आधार नाही. तो बहुधा केवळ भुकेला असतो. शौर्य हा गुण त्याच्या ठायी आम्हीच कल्पिला, आणि मग तोच गुण त्याच्यापाशी परत मागण्यासाठी आम्ही हात पसरले. ह्या विलक्षण देवघेवीत एक नैतिक प्रश्न दडलेला आहे. उसने घेतलेले बळ आपले स्वतःचे केव्हा होते? प्रश्न जुना आहे. परंतु हल्ली तो एका अगदी नव्या प्राण्याच्या निमित्ताने घरोघर उपस्थित झाला आहे, म्हणून त्याचा येथे विचार करण्याचे आम्ही योजिले आहे.

प्रथम जुन्या प्राण्यांकडे पाहू. आमच्या मल्लविद्येत कुस्तीचे चार प्रकार परंपरेने सांगतात: भीमसेनी, हनुमंती, जांबुवंती आणि जरासंधी. पहिलीत निव्वळ ताकद, दुसरीत डावांची चपळाई, तिसरीत प्रतिपक्ष्यास जखडून टाकणारी पकड, आणि चौथीत सांधे व हाडे मोडण्याची क्रिया प्रधान मानिली आहे. ह्या चार नावांत दोन माणसे आणि दोन पशू आहेत, आणि त्यांतील सर्वांत क्रूर प्रकार पशूच्या नावे नसून एका राजाच्या नावे आहे, ही गोष्ट चिंतनीय आहे. वानराकडून चपळाई घेतली, अस्वलाकडून मिठी घेतली. हाड मोडण्याची विद्या मात्र आम्हांस कोणा पशूकडून आणावी लागली नाही.

चीन देशातही असेच घडले. तेथील प्रसिद्ध वैद्य हुआ तो ह्याने, इसवी सनाच्या दुसऱ्या-तिसऱ्या शतकांच्या संधिकाळी, वाघ, हरिण, अस्वल, वानर आणि पक्षी ह्या पाचांच्या हालचालींवरून एक व्यायामपद्धती बसविली, असे परंपरा सांगते. ती पद्धती युद्धासाठी नव्हती, आरोग्यासाठी होती. पुढे तिकडील युद्धकलांतही पशूंच्या नावांचे पवित्रे रूढ झाले. म्हणजे पशूचे अनुकरण करून मनुष्याने आपले शरीर घडवावे, ही कल्पना सर्व आशिया खंडात खोल रुजलेली आहे.

ह्या परंपरेचे अगदी अलीकडचे अपत्य जपानात जन्मले. त्याचे नाव लुकारिओ. १९९६ साली जपानात 'पोकेमॉन' नावाचे व्हिडिओ गेम निघाले. त्यांचे जनक सातोशी ताजिरी ह्यांस लहानपणी कीटक गोळा करण्याचा नाद होता, आणि त्या नादातूनच नाना काल्पनिक प्राणी पकडून पाळावे व त्यांच्या झुंजी लावाव्या ही कल्पना त्यांस सुचली. त्या पहिल्याच संचात लाथांनी लढणाऱ्या एका प्राण्याचे जपानी नाव सवामुरा तादाशी ह्या विख्यात मुष्टियोद्ध्यावरून ठेविलेले होते. तो लाथा-बुक्क्यांच्या मिश्र युद्धात प्रवीण होता. लुकारिओ पुढे आला; २००६ सालच्या 'डायमंड' व 'पर्ल' ह्या खेळांत त्याची गणना झाली. कोल्ह्यासारखे तोंड, दोन पायांवर उभे राहणे, निळे-काळे अंग, छातीवर व हातांच्या मागल्या बाजूस एकेक सुळा, आणि उभे राहण्याची ढब एखाद्या कसलेल्या योद्ध्याची, असे त्याचे ध्यान आहे. २००८ साली 'सुपर स्मॅश ब्रदर्स ब्रॉल' ह्या झुंजीच्या खेळात आणि २०१५ साली 'पोकेन टूर्नामेंट' ह्या दुसऱ्या खेळात तो उतरला. २०२१ सालापासून 'पोकेमॉन युनाइट' ह्या खेळाच्या रूपाने तो मोबाईलवरही भेटतो. त्याची उंची सव्वा मीटरच्या आतबाहेर असून वजन ५४ किलो आहे, अशी त्याच्या कर्त्यांची नोंद आहे. म्हणजे १९५२ साली हेलसिंकी येथे ज्या ५७ किलो वजनाच्या गटात कऱ्हाडजवळच्या गोळेश्वरच्या खाशाबा जाधवांनी कांस्यपदक मिळविले, त्याच गटात ह्या जपानी कोल्ह्यास उतरावे लागले असते!

आता हा प्राणी आमच्या विचारात का यावा, असे वाचक विचारतील. पालम हे परभणी जिल्ह्यातील तालुक्याचे गाव. गंगाखेडहून लोह्यावरून नांदेडास जाणाऱ्या रस्त्यावर ते आहे, आणि गोदावरी, जिला ह्या प्रांतीचे लोक नुसती 'गंगा' म्हणतात, ती येथून दूर नाही. यात्रेच्या दिवशी कुस्त्यांचा फड भरविण्याची चाल ह्या भागात जुनी आहे. आरंभी लहान मुलांच्या रेवड्यांवर व नारळावर कुस्त्या लागतात. मग वाढत्या बिदागीच्या. आणि सायंकाळी हलगीच्या ठेक्यात मानाची कुस्ती. अशा ह्या पालमातील आमच्या परिचयाच्या एका सुशिक्षित घरी, नातवाच्या हातातील खेळावरून, आजोबा आणि सूनबाई ह्यांच्यात आमच्या समक्ष वाद निघाला. आजोबा तरुणपणी फडात उतरलेले. ते म्हणाले, "ह्यात अंगाला काही लागत नाही, म्हणूनच हे वाईट." सूनबाईंनी नम्रपणे परंतु ठामपणे उत्तर दिले, "मामंजी, लागत नाही म्हणूनच तर बरे. तुमचा खांदा अजून थंडीत ठणकतो."

वस्तुस्थितीविषयी दोघांचे पूर्ण ऐकमत्य आणि तिच्या मोलाविषयी पूर्ण विरोध, असा हा वाद असल्यामुळे तो आम्हांस महत्त्वाचा वाटतो. न लागणे हा गुण की दोष, एवढाच प्रश्न उरतो.

ह्या प्रश्नाकडे वळण्यापूर्वी दोन नेहमीचे आक्षेप बाजूस सारले पाहिजेत. पहिला आक्षेप असा की, हा प्राणी खोटा आहे. खोट्यात मन गुंतविणे मुलांस घातक. परंतु कल्पित असणे हा दोष मानिला, तर आमच्या अर्ध्या वाङ्मयास घराबाहेर काढावे लागेल. समुद्रतीरी जांबुवंताने आठवण करून देईपर्यंत मारुतीस आपल्या बळाचा विसर पडला होता, ही कथा ज्याने लहानपणी ऐकली त्यास, आपल्या ठायी असलेले बळ कोणी तरी वडीलधाऱ्याने दाखवून द्यावे लागते, हे सत्य तर्कशास्त्राच्या ग्रंथावाचून कळते. त्या कथेत अस्वल हे वानराचे वस्ताद आहे. कल्पनेतील पशू सत्य शिकवू शकतो, ह्यात आम्हांस तिळमात्र शंका नाही.

दुसरा आक्षेप हिंसेचा. पडद्यावर मारामारी खेळणारे मूल रस्त्यावर मारामारी करील, अशी भीती कित्येक पालकांस वाटते. अमेरिकेतील मानसशास्त्रज्ञांच्या संघटनेने २०२० साली ह्या विषयाचा पुन्हा परामर्श घेतला. अशा खेळांचा ओरडणे, ढकलणे ह्यांसारख्या आक्रमक वर्तनाशी थोडा संबंध दिसतो, परंतु प्रत्यक्ष हिंसक कृत्यांचे खापर त्यांच्यावर फोडण्यास पुरेसा पुरावा नाही, असा तिचा अभिप्राय पडला. शिवाय ज्या खेळांविषयी आम्ही बोलत आहोत त्यांत हरलेला प्राणी मरत नाही; तो मूर्च्छित होतो आणि उपचारांनंतर पुन्हा उभा राहतो. ही मर्यादा कर्त्यांनी बुद्धिपुरस्सर घातली आहे. बुद्धिबळाच्या पटावर हत्ती, घोडे आणि प्यादी शतकानुशतके मारली गेली, आणि त्या खेळास कोणी रक्तपात म्हटले नाही. यास्तव ह्या भीतीवर आमचा विचार उभारण्याची आमची इच्छा नाही.

खरा प्रश्न आमच्या मते निराळा आहे. आखाड्यात मुलगा काय शिकतो? डाव शिकतो, हे उघड आहे. परंतु त्याहून अवघड अशी एक गोष्ट तो नकळत शिकतो. दुसऱ्याची मान आपल्या काखेत सापडली असता ती किती दाबावी आणि कोठे थांबावे, हे त्याचा हात शिकतो. जोडीदाराचा श्वास अडखळला, त्याच्या अंगाची धडपड बदलली, की पकड सैल करावयाची असते. हे ज्ञान त्यास पुस्तकातून मिळत नाही. कारण कालच त्याची स्वतःची मान दुसऱ्याच्या काखेत होती. तालमीतील वस्ताद आठ वर्षांच्या पोराशी खडाखडी करतो, तेव्हा तो आपल्या शंभर अंश बळापैकी पाच अंशच खर्चितो, आणि उरलेले पंचाण्णव अंश आवरून धरण्यातच त्याची वस्तादी असते. क्षमा क्षमा म्हणून जिचे गोडवे आम्ही गातो, ती हीच होय. इजा करण्याचे सामर्थ्य आणि इजेची ओळख, ह्या दोहोंवाचून क्षमा संभवत नाही. ज्यास बळ नाही त्याची क्षमा ही लाचारी. ज्यास वेदना ठाऊक नाही त्याची क्षमा हा योगायोग.

धर्माचेही तसेच. भीम आणि दुर्योधन ह्यांच्या गदायुद्धात नाभीखाली प्रहार करू नये असा नियम होता. भीमाने मांडीवर गदा घातली, आणि बलराम संतप्त झाला. हा प्रसंग सहस्रावधी वर्षे लोकांच्या मनास टोचत राहिला, ह्याचे कारण तो नियम भीमास मोडता आला. व्हिडिओ गेममध्ये नियम मोडताच येत नाही. जो प्रहार निषिद्ध आहे त्याची कळच तेथे नसते. तेथील खेळाडू कधी अधर्म करीत नाही, हे खरे. परंतु त्याबद्दल त्यास धार्मिक म्हणणे म्हणजे, तिजोरीस कुलूप होते म्हणून चोरास साधू म्हणण्यासारखे आहे.

एवढ्यावरून आजोबांचा पक्ष सिद्ध झाला असे मात्र कोणी समजू नये. सूनबाईंच्या बाजूस जे बळ आहे ते आम्ही लपवून ठेवणे न्याय्य होणार नाही. आखाड्याची माती क्षमा शिकविते, तशी मग्रूरीही शिकविते. दंडातील बळ भाड्याने देणारे पहिलवान कोणत्या गावात झाले नाहीत? मातीत घाम गाळलेला प्रत्येक मनुष्य दयाळू होत असता, तर गावगुंडीचा इतिहास फारच आखूड झाला असता. दुसरे असे की, तालमीचे दार सर्वांस सारखे उघडे नव्हते. मुलींनी तेथे पाऊल टाकणे पिढ्यान्‌पिढ्या अकल्पनीय होते. ऑलिंपिक सामन्यांत स्त्रियांच्या कुस्तीचा समावेश २००४ साली झाला, आणि २०१६ साली साक्षी मलिक ह्यांनी भारतास त्यात पहिले पदक मिळवून दिले. त्यापूर्वी ज्या असंख्य मुलींच्या अंगी ते बळ होते त्यांची नोंद कोठेच नाही. ज्याचा पाय जन्मतःच अधू आहे, ज्यास दम्याचा विकार आहे, त्यानेही फडाच्या कडेला बसूनच आयुष्य काढावे काय? पडद्यावरील कोल्हा हातात घेताना कोणी जात विचारीत नाही, मुलगा की मुलगी हे पाहत नाही, छातीचे माप घेत नाही. हा लाभ क्षुल्लक नव्हे.

तेव्हा दोन्ही पक्षांत अर्धे सत्य आहे, असे म्हणून लेखणी खाली ठेविता आली असती. परंतु त्या प्राण्याकडे थोडे अधिक निरखून पाहिले असता, एक चमत्कारिक गोष्ट आमच्या ध्यानात आली, आणि तीच सांगण्यासाठी हा लेखनप्रपंच आहे.

लुकारिओच्या अंगी त्याच्या कर्त्यांनी तीन विशेष गुण घातले आहेत. पहिला गुण असा की, दुसऱ्या जीवातून निघणाऱ्या सूक्ष्म तेजोलहरी त्यास जाणवतात, आणि त्यांवरून प्रतिपक्ष्याचे विचार व हालचाली तो ओळखतो. दुसरा असा की, बालपणी तो रिओलू नावाचा लहानसा जीव असतो, आणि केवळ लढाया जिंकल्याने तो मोठा होत नाही. पाळणाऱ्याविषयी त्याचा स्नेह पुरेसा दृढ झाला, तरच दिवसाउजेडी त्याचे लुकारिओत रूपांतर होते. तिसरा असा की, 'स्मॅश ब्रदर्स' ह्या खेळात त्यास जसजसा मार अधिक बसतो, तसतसे त्याचे प्रहार अधिक प्रखर होत जातात. दुसऱ्याचे मन ओळखणे, स्नेहाने वाढणे, घाव सोसून समर्थ होणे: हे तीन गुण म्हणजेच, वस्तादाने शिष्यास जे द्यावे अशी आमची अपेक्षा असते ते सर्व! जपानातील त्या कल्पक कारागिरांनी युद्धकलेचे मर्म अचूक ओळखिले, ह्याबद्दल त्यांचे कौतुक केलेच पाहिजे.

परंतु हे तिन्ही गुण त्यांनी प्राण्यास दिले, खेळणाऱ्यास दिले नाहीत. देणे त्यांच्या हातीही नव्हते. घाव लुकारिओस बसतो. मुलाच्या अंगठ्यास नाही. स्नेह किती वाढला ह्याचा हिशेब यंत्राच्या पोटात होतो. त्यासाठी मुलास कोणाच्या उशाशी रात्र जागून काढावी लागत नाही. समोरच्याचे मन लुकारिओस कळते अशी कथा आहे. मुलास फक्त पडद्यावरची आकृती दिसते. गुण सगळे प्राण्याकडे, आणि जय मात्र मुलाचा, अशी ही वाटणी आहे. न लागणे हा ह्या खेळाचा दोष नव्हे. न लागताच विजय पदरात पडल्यामुळे, घाव सोसून येणारे बळही आपल्यापाशी आले असा जो भास होतो, तो दोष होय. उसने बळ आपले झाले असे वाटणे आणि ते होणे, ह्यांत आखाड्याच्या उंबरठ्याएवढे अंतर आहे.

येथे एक शंका कोणी घेईल, आणि ती रास्त आहे. दोन भावंडे शेजारी बसून हाच खेळ खेळत असतील, तर? थोरला भाऊ सरस आहे. धाकटी बहीण चार वेळा हरून रडकुंडीस आली आहे. पाचव्या वेळी थोरला एक प्रहार मुद्दाम चुकवितो. त्याने येथे बळ आवरले नाही काय? आवरले, आणि आम्ही म्हणू की त्या क्षणी ते घर तालीम झाले. कारण तेथे कोणास तरी खरोखर लागत होते. शरीराला नव्हे, मनाला. परंतु लागत होते, आणि थोरल्याला ते शेजारच्या चेहऱ्यावर दिसत होते. ह्यावरून असे दिसते की, खरी सीमारेषा माती आणि यंत्र ह्यांच्यामध्ये नाही. ज्यास लागू शकते असा कोणी समोर आहे की नाही, येथे ती सीमारेषा आहे. रिकाम्या खोलीत आरशापुढे दंड थोपटणारा पहिलवान आणि एकट्याने रात्रभर यंत्राशी झुंजणारा मुलगा, हे दोघे ह्या दृष्टीने सारखेच एकाकी आहेत.

भागवताच्या अकराव्या स्कंधात यदुराजास अवधूताने आपले चोवीस गुरू सांगितले आहेत. पालमाजवळून वाहणारी हीच गोदावरी ज्या पैठणावरून येते, तेथील एकनाथांनी त्या स्कंधावर मराठीत टीका लिहिली आणि १५७३ साली काशीस ती पुरी केली, हे वाचकांस विदितच आहे. त्या चोवीस गुरूंत कितीतरी पशू, पक्षी आणि कीटक आहेत: अजगर, मधमाशी, हत्ती, हरिण, मासा, पतंग, कोळी. परंतु त्यांतील सर्व गुरू अनुकरणासाठी नाहीत. रूपास भुलून जळणारा पतंग, नादास भुलणारे हरिण, आमिषास भुलणारा मासा, हे कसे वागू नये ते सांगणारे गुरू आहेत. अधिक महत्त्वाची गोष्ट अशी की, ह्यांपैकी एकाही गुरूने अवधूतास हाक मारून शिकविले नाही. पतंग आपला जळून गेला. बोध घेण्याचे काम अवधूतास स्वतः करावे लागले. गुरूचा गुण शिष्याच्या अंगी आपोआप उतरत नाही, हाच त्या सबंध आख्यानाचा आधार आहे.

तेव्हा ह्या परदेशी कोल्ह्यास पंचविसावा गुरू मानण्यास आमची हरकत नाही. मात्र त्याच्यापासून काय घ्यावे आणि काय टाकावे हा विवेक मुलास आपोआप सुचणार नाही. तो जागा करणे हे जांबुवंताचे काम आहे, आणि घरातील वडीलधाऱ्यांनी ते टाळू नये. खेळ हिसकावून घेणाऱ्या आजोबांनी ते टाळिलेच. खेळ हाती देऊन निश्चिंत झालेल्या आईनेही ते टाळिलेच. मुलाजवळ बसून त्यास विचारावे, "हा कोल्हा समोरच्याचे मन ओळखतो म्हणतोस, आज शाळेत तुझ्या शेजारच्या मुलाचे मन तुला ओळखता आले का? मार खाऊन हा बळकट होतो. तू हरलास तेव्हा तुझे काय झाले?" अशा प्रश्नांची उत्तरे मुले आपल्या कल्पनेपेक्षा अधिक प्रामाणिकपणे देतात. आणि ह्याच्या जोडीस, आठवड्यातून काही घटका तरी, तालमीत म्हणा, खो-खोच्या मैदानात म्हणा, की घरातल्या धाकट्या भावंडाबरोबर म्हणा, त्यास अशा ठिकाणी नेऊन उभे करावे, की जेथे त्याच्या बळाने कोणास लागू शकेल आणि ते बळ आवरणे सर्वस्वी त्याच्याच हाती राहील.

आमच्या फडांतून रेवड्यांवरची कुस्ती सुटली की, जिंकलेले पोर कित्येकदा आधी रेवड्यांकडे धावते. जवळ उभा असलेला कोणी म्हातारा त्यास दंडाला धरून मागे फिरवितो, आणि खाली पडलेल्या पोराकडे बोट दाखवितो. मग ते पोर थोडेसे नाखुशीने परत जाते, हात पुढे करते, दुसऱ्यास उठविते आणि त्याच्या पाठीची माती झटकते. त्या वयात त्याच्या अंगी क्षमा आलेली असते असे नव्हे. परंतु ती कोठून यावयाची आहे, ती वाट त्याच्या हाताला त्या दिवशी ठाऊक होते.